दीपाचा सकाळचा प्रश्न

त्या दिवशी घाटंजीची गाडी पांढरकवड्याच्या स्टँडवर चांगलीच उशिरा लागली. भीमराज नगराळे कंट्रोल केबिनच्या खिडकीत बसला होता. आलेल्या-गेलेल्या गाड्यांची वेळ लिहायची आणि माईकवरून पुकारा करायचा, हे त्याचं काम. गाडी उशिरा आली की ड्रायव्हरनं खिडकीशी येऊन कारण सांगायचं आणि यानं ते लिहून घ्यायचं, अशी रीत. ड्रायव्हर सांगेल तेच कारण. खरं-खोटं पाहायला रस्त्यावर कोण जातो?

गाडी सेवादास राठोडची होती. कारण सांगण्यात सेवादासचा हात धरणारा साऱ्या डेपोत नव्हता. म्हशी, वरात, रस्त्यावर वाळत घातलेली तूर, सगळं त्यानं वापरून झालं होतं. टिपेश्वरचं जंगल वाटेत असल्यानं अधूनमधून वाघही रस्त्यात बसायचा. भीमराज हसू दाबून 'वाघ' असं लिहायचा.

सेवादास खिडकीशी आला तसा भीमराज म्हणाला, "बोल. आज वाघ होता का वाघीण?"

सेवादासनं खिडकीचे गज धरले. 

"अबे, काही तर सांग. काय लिहू?"

"काही लिहू नको. बाहेर ये."

भीमराजची बायको रुखमाबाई त्याच गाडीत होती. घाटंजीला बहिणीच्या नातीचं नाव ठेवायचं म्हणून गेलती, परत येत होती. वाटेत छाती भरून आली म्हणाली आणि शेजारच्या बाईच्या खांद्यावर तिनं मान टाकली. सेवादासनं भरलेली गाडी तशीच दवाखान्याच्या फाटकात घातली. डॉक्टर धावत गाडीत चढले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उतारूंनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. ज्यांना नागपूरची गाडी धरायची होती त्यांची ती चुकली, तेही गप्प बसले.

सेवादासच्या नोकरीत उशिराचं इतकं पक्कं कारण दुसरं झालं नाही. तेवढं एक लिहायचं राहून गेलं.

मग लोक भेटायला यायला लागले. आपल्याकडे भेटायला आलेला माणूस जोडे काढतो, सतरंजीवर बसतो, पाणी पितो आणि विचारतो, "कसं काय झालं?" मग घरच्यानं पहिल्यापासून सांगायचं. दुसरा आला की पुन्हा पहिल्यापासून. भीमराजचा आवाज पुकाऱ्याचा. सांगता सांगता त्याचं सांगणं गाडीच्या पुकाऱ्यासारखं व्हायला लागलं. घाटंजीहून निघाली, वाटेत असं झालं, दवाखान्यात अशी पोचली. सोनीबाई, म्हणजे सेवादासची बायको, एकदा म्हणाली, "भाऊजी, जरा दमानं सांगा. लोकायले रडाले तरी टाइम भेटला पाह्यजे."

जलदानाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि राजदीपनं पुण्याचा विषय काढला. राजदीप हा एकुलता एक पोरगा, पुण्याला कंपनीत. "बाबा, तिकडे चला. इथं एकटे काय करणार?" भीमराजची नोकरी थोडी बाकी होती, म्हणून विषय टळला. पुढे नोकरी संपली. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, आणि राजदीपनं फोन केला, "आता काय कारण?"

"मी इथंच बरा आहो."

"बरा म्हणजे कसा?"

 बरा म्हणजे बरा. घर स्टँडच्या मागं, दोघांनी हौसेनं बांधलेलं, दोन खोल्या, ओसरी आणि नळाजवळ सीताफळाचं झाड. सकाळी पहिल्या गाडीचा पुकारा घरात ऐकू यायचा. नवा पोरगा कुठं अडखळला की भीमराज पांघरुणातूनच ती ओळ पुरी करायचा. त्याला इथून हलायचं नव्हतं. पुण्यात सातव्या मजल्यावर बसून तो काय पुरं करणार होता?

मधला मार्ग काढला तो सुनेनं. दीपा मूळची अमरावतीकडची, पोरगी गुणाची, सासूवर जीव टाकणारी. ती पुण्याच्या एका कंपनीत माणसं नेमायचं, समजवायचं, कधी घरी पाठवायचं काम करायची. आता ती एक ऑनलाइन कोर्स करत होती. माणसानं आतून कसं वाढावं, हे त्यात शिकवतात. त्यांची पद्धत अशी, की रोज सकाळी एक मोकळा प्रश्न घ्यायचा. ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही, तो मोकळा प्रश्न.

"बाबा, मी रोज सकाळी एक प्रश्न पाठवीन," ती फोनवर म्हणाली. "चूक-बरोबर असं काही नाही त्यात. तुम्ही मनातलं लिहायचं. त्यावरून आम्हाला कळेल, तुम्ही कसे आहात."

मागून राजदीप म्हणाला, "उत्तरं नीट आली तर राहा तिथं. नाही आली तर मी येतो घ्यायला. मग बोलायचं नाही."

चूक-बरोबर काही नसलेली परीक्षा, आणि नापास झालं तर घर सुटणार. भीमराजनं हो म्हटलं. एका शब्दात सुटका, बिनमोकळ्या प्रश्नाचा हाच फायदा असतो.

पहिला प्रश्न आला. 'आज तुमच्या आयुष्यात कशाला जागा करून द्यावीशी वाटते?'

भीमराजनं विचार केला आणि लिहिलं, 'गॅसच्या सिलिंडरले. दुसरा आला, ठेवाले जागा नाही.'

'तुमचं दुःख तुमच्या शरीरात कुठे राहतं?'

'गुडघ्यात. पण ते आधीपासून आहे.'

'काल कोणत्या गोष्टीनं तुम्हाला आश्चर्य वाटलं?'

'वणी गाडी वेळेवर आली.'

'तुमच्यातलं लहान मूल तुम्हाला काय सांगतंय?'

या प्रश्नावर तो दिवसभर अडला. शेवटी त्यानं लिहिलं, 'ठीक आहे.'

संध्याकाळी राजदीपचा फोन आला. आवाज उतरलेला. "बाबा, दीपाच्या कोर्सच्या मॅडमला तुमची उत्तरं दाखवली. त्या म्हणाल्या, हे बंद पडलेलं मन आहे. मी पुढच्या आठवड्याची सुट्टी टाकून राह्यलो."

"कायले?"

"तुम्हाला घ्यायला."

"अरे, थांब ना बावा. मी आत्ताच तर वाढाले लागलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराज फोन घेऊन थेट स्टँडसमोरच्या हॉटेलात गेला. सेवादासही त्याच वर्षी निवृत्त झाला होता आणि रोज तिथंच सापडायचा. गाडी सुटली तरी माणसाचा थांबा सुटत नाही. भीमराजनं त्याला सारा प्रकार सांगितला आणि फोन पुढे केला.

सेवादासनं चष्मा लावून प्रश्न वाचला. 'सकाळचा पहिला प्रकाश पाहताना तुम्हाला काय जाणवलं?'

"तुले काय जाणवलं?" सेवादासनं विचारलं.

"मोटार लावाची होती. नळाले पाणी नव्हतं."

"हे लिहू नको."

"मंग काय लिहू?"

सेवादासनं पोह्यांची बशी बाजूला सारली. "भीमराज, 'गाडी उशिरा काहून आली' हा कसा प्रश्न आहे? हो-नाही चालते त्याले?"

"नाही चालत."

"मंग? तीस वर्षं मी मोकळे प्रश्नच सोडवले. घे, लिही. आज सूर्य निंगाला, तं वाटलं का अंधार काही कायमचा नसते. तो फक्त थांब्यावर थांबलेला असते."

"थांब्यावर?"

"लिही रे. तुले काय करा लागते? ड्रायव्हर सांगते, कंट्रोलर लिहिते."

भीमराजनं लिहिलं. आयुष्यभर खिडकीत बसून त्यानं तेच केलं होतं, बोटांना सवय होती. पाच मिनिटांत दीपाचं उत्तर आलं. हात जोडलेले, लाल बदाम, आणि खाली 'बाबा!!! डोळ्यात पाणी आलं.'

राजदीपनं सुट्टी रद्द केली.

मग हा धंदाच झाला. सकाळी पुण्याहून प्रश्न निघायचा, हॉटेलात सेवादासकडे लागायचा, आणि चहा संपेस्तोवर उत्तर परत रवाना. सेवादासला जोर चढला. त्यानं भीमराजच्या अंगणात चिमण्या आणल्या. भीमराजला पहाटे फिरायला नेलं, एका फकिराशी बोलायला लावलं, सीताफळाच्या झाडाची माफी मागायला लावली. जुन्या दुश्मनाला त्यानं माफही करून टाकलं. भीमराजला दुश्मनच नव्हता, म्हणून सेवादासनं आपल्यातला एक दिला, डेपोतला जुना हेड मेकॅनिक.

"अबे, त्याले मी काहून माफ करू? त्यानं माह्यं काय केलं?"

"माह्यं केलं होतं. मी तं त्याले मेलो तरी माफ करत नाही. म्हणून तू कर."

सोनीबाई एकदा भाजी घेऊन जाताना थांबली आणि दोघांची खलबतं ऐकली. "काय करून राह्यले तुमी दोघं?"

"भीमराजची वाढ करून राह्यलो," सेवादास म्हणाला.

"यायच्या घरी जेवाले काय आहे, ते इचारलं का कोनी?" ती म्हणाली आणि पिशवीतून मेथीची जुडी काढून टेबलावर ठेवून गेली.

तिकडे पुण्यात भीमराजचं नाव झालं. दीपाच्या कोर्सातली माणसं विचारायची, आज बाबा काय म्हणाले? मॅडमनी आधीचं निदान मागं घेतलं. हे मन बंद नव्हतं, म्हणे, ते मुरत होतं. दीपा फोनवर आधी रुखमाबाईची आठवण काढायची, कुठली भाजी, कुठलं लोणचं. आता ती फक्त उत्तरांबद्दल बोलायची. भीमराजला ते लागायचं, पण घर शाबूत होतं. त्यानं स्वतःची समजूत घातली, की चार ओळी खोट्या आणि छप्पर खरं, सौदा वाईट नाही.

भीमराज मात्र आत्ताही तसाच होता. सकाळी उठायचा, दोन कप चहा मांडायचा, एक पातेल्यात परत ओतायचा आणि थोड्या वेळानं तोच गरम करून प्यायचा. हे कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

दिवाळीच्या मागेपुढे एक प्रश्न आला. 'काय सोडून द्यायला तुम्ही आता तयार आहात?'

सेवादास त्या दिवशी रंगात होता. बायकोशी भांडून आला होता आणि जगाची आसक्ती सोडायला अगदी योग्य मनःस्थितीत होता. "लिही," तो म्हणाला. "आता कायचाच मोह राह्यला नाही. घर म्हणजे काय? सिमेंट अन् इटा. ती काही भिंतीत नाही, ती माह्या मनात आहे. मी जाईन तिथं ती येईन."

भीमराजचं बोट थांबलं. "हे जरा जास्त होऊन राह्यलं ना बे?"

"वाघाच्या टायमाले म्हटलं का जास्त म्हणून?"

"वाघ रस्त्यावर होता. हे माह्यं घर आहे."

"अरे, बोलाचं असते असं. त्यायले चांगलं वाटते. पाठव."

समोर गाडी लागली, आवाज झाला, हॉटेलवाल्यानं कप उचलले, आणि भीमराजनं पाठवून दिलं.

या वेळी पाच मिनिटांत काही आलं नाही. दिवसभर आलं नाही. भीमराज तीनदा फोन चार्जिंगला लावून आला. संध्याकाळी राजदीपनं फोन केला, आधी जेवलात का ते विचारलं. मग म्हणाला, "बाबा, मी जबरदस्ती करणार नव्हतो. तुम्ही स्वतःच मोकळे झाले, हे लय मोठं काम झालं. आम्ही शनिवारी येतो. घराचंही पाहून टाकू."

"घराचं काय पाह्यचं?"

"शंकरसिंगला पाहिजे आहे ना. त्यानं मागेच विचारलं होतं."

शंकरसिंगचा हायवेवर ट्रकांचा धंदा. त्याला ड्रायव्हर लोकांना झोपायला जागा हवी होती. स्टँडच्या मागचं घर त्याला आयतंच होतं.

भीमराजनं फोन ठेवला. नापास झाला असता तर घर सुटणार होतं. पास झाला, तरी सुटलं. आता खरं सांगावं, तर पोरगं म्हणेल, बाप दुसऱ्याकडून उत्तरं लिहवून घेतो, म्हणजे डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा चलाच. खरं न सांगावं, तर चलाच.

सेवादासला सांगितलं, तेव्हा त्याचा घास हातात राहिला. "मी येऊन सांगू का राजदीपले? म्हणतो, माह्यी चूक आहे."

"तू गप बस. तू सांगाले लागला, तं मी हिमालयात जाईन."

शनिवारी दोघं आले. राजदीप आल्याबरोबर बापाच्या पाया पडला आणि लगेच टेप घेऊन ओसरी मोजायला लागला, कारण शंकरसिंगला ओसरीत खाटा किती बसतील ते कळवायचं होतं. दीपा हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेली. चहा ठेवायचा म्हणाली. भीमराज दारात उभा राहिला.

दीपानं एक डबा उघडला, दुसरा उघडला. सासू गेल्यावर ती या स्वयंपाकघरात अशी एकटी पहिल्यांदाच उभी होती, मागच्या वेळी सारं बायकांनी सांभाळलं होतं. तिसऱ्या डब्यात हात घालून तिनं तोंड न वळवता विचारलं, आणि पुण्याचं मराठी विसरून विचारलं, "बाबा, पत्ती कुठी हाय?"

"त्या बेसनाच्या डब्यात."

"बेसनाच्या?"

"बेसन पत्तीच्या डब्यात आहे. पत्तीच्या डब्याचं झाकण बसत नव्हतं, मुंग्या लागत. मंग तिनं पत्ती बेसनाच्यात घातली. म्हणे, बेसनाले मुंग्या लागत नाही. लागतातच, पण तिले कोण सांगणार? मीठ त्या बरणीत नाही, त्यात सोडा आहे, पाहून घेजो. मी दोनदा सोड्याचं वरण खाल्लं. तिखट दोन आहेत, लाल बुचाचं आपलं, दुसरं पाहुण्याचं. लोणच्याची बरणी उघडू नको. ते तिनं घातलेलं शेवटचं आहे, तळाले थोडं आहे, संपवलं नाही मी. चिमटा दाराच्या मागं आहे. तिथं काहून, ते मले बी माहीत नाही. मी एकदा हलवला अन् दिवसभर दाराच्या मागंच शोधत राह्यलो. म्हणून काहीच हलवलं नाही. सारं तसंच आहे. हात गेला का सापडते. तिकडे हात कुठं जाईन माहा?"

तो इतकं बोलला हे त्याच्याच उशिरा लक्षात आलं. दीपा हातात बेसनाचा डबा धरून उभी होती. पाणी उकळून अर्धं झालं.

"बाबा, हे का नाही लिहिलं कधी?"

"तू पत्ती कुठी आहे, असं कुठं इचारलं?"

दीपा खालीच बसली, ओट्याला टेकून. "मग ते सगळं... चिमण्या? तो फकीर?"

"सेवादास."

"घर सोडायचं ते?"

"तेबी सेवादास. पण पाठवलं मी."

दीपा आधी हसली. मग तिचं हसणं फाटलं आणि तिनं पदर नसल्यानं ओढणी तोंडात धरली, राजदीपला ऐकू जाऊ नये म्हणून. "पुढच्या रविवारी आमच्या कोर्सचा समारोप आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "मी तुमची उत्तरं वाचून दाखवणार आहे. मॅडमनी छापून घेतलीत."

"मंग सेवादासले घेऊन जा पुण्याले. त्याची लय वाढ झाली आहे."

तिनं चहा केला. तीन कप केले आणि सवयीनं चौथा काढून पुन्हा ठेवला. भीमराजनं ते पाहिलं.

"राजदीपला मी सांगू?" दीपानं विचारलं.

"नको. तुह्यावर चिडन तो. मीच सांगतो."

तो कप घेऊन ओसरीत आला. राजदीप टेप गुंडाळत होता. चहा घेतला, दोन घोट प्यायला, आणि बापाकडे पाहून त्याचा चेहरा असा झाला, जसा लहानपणी गाडीच्या खिडकीत जागा मिळाल्यावर व्हायचा.

"बाबा, एक सांगू? आई गेली त्या दिवशी मी तिचा फोन कापला होता. मीटिंगमध्ये होतो. वाटलं, नंतर लावू. तेव्हापासून झोप नाही नीट. तुम्ही इथं एकटे, तर अजूनच. तुमचं ते उत्तर आलं ना, ती मनात आहे म्हणून, त्या रात्री मी झोपलो. पहिल्यांदा."

भीमराजनं तोंड उघडलं होतं, ते त्यानं चहाच्या कपानं झाकलं. सेवादासच्या थापेवर माझ्या पोराला झोप लागली, असा एक विचार त्याच्या मनात आला, आणि तो बाहेर कसा काढायचा हे त्याला समजेना.

"झोपत जा," तो एवढंच म्हणाला.

"आता झोपतोच ना," राजदीप म्हणाला. "शंकरसिंगला मी सोमवारचं बोललो. तो येऊन पाहून जाईल. चालेल ना?"

हा प्रश्न मोकळा नव्हता. हो किंवा नाही, एका शब्दात सुटणारा होता. भीमराजनं नळाजवळच्या सीताफळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधी चहा पी. गार होऊन राह्यला."

दीपा दारात येऊन उभी होती. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, सासऱ्यानं मान खाली घातली.

रविवारी सकाळी फोन वाजला. दीपानं प्रश्न आधीच भरून ठेवलेले असायचे, वेळ झाली की ते आपोआप सुटायचे. ती पलीकडच्या खोलीत झोपलेली होती आणि तिचा प्रश्न इकडे येऊन पडला. 'आज तुम्ही कुणाशी कोणती गोष्ट मनमोकळी बोलणार आहात?'

भीमराजनं चष्मा लावून तो दोनदा वाचला. सेवादासकडे जायला तो उठला नाही. त्यानं स्वतःच लिहिलं, 'राजदीपशी. घर द्यायचं नाही, ही.' आणि पाठवून दिलं.

दीपानं ते वाचलं. उत्तर छान आहे, असं ती या वेळी म्हणाली नाही. चहाच्या वेळी तिनं राजदीपला सासऱ्यासमोर बसवलं आणि स्वतः कपडे वाळत घालायला निघून गेली. बापलेक बराच वेळ बोलले. नागपूरच्या उड्डाणपुलाबद्दल बोलले, सोयाबीनबद्दल बोलले, पुण्याच्या पाण्याबद्दल बोलले.

शंकरसिंग उद्या येणार आहे. राजदीपला सांगायचं अजून राहिलं आहे.